पिस्टनच्या डोक्यावरचा आकडा

जुन्या जीपचं हेड उतरवलं आणि पिस्टनवरची काजळी हलक्या हाताने खरवडली, की खाली बहुतेक वेळा एक आकडा सापडतो. ०२०, ०३०, ०४०. काही नशीबवान इंजिनांत ‘एसटीडी’, म्हणजे कारखान्यातून आलेलं मूळ माप. इंचाच्या हजाराव्या भागाला आपल्याकडचे मेस्त्री ‘थाउ’ म्हणतात. ०४० याचा अर्थ सिलिंडर मूळ मापापेक्षा चाळीस थाउ मोठा कापलेला आहे. म्हणजे हे इंजिन एकदा तरी, बहुधा दोनदा, पूर्ण उघडलं गेलं, बोअरिंगच्या मशीनवर चढलं आणि त्यात नवे पिस्टन पडले. या गोष्टीची नोंद आरटीओच्या पुस्तकात नसते, घरातल्या कागदांतही नसते. ती फक्त तिथे असते, आणि नवे पिस्टन आले की पहिल्यांदा तेच भंगारात जातात.

आपल्या मंडळात ताम्रपट, मोडी दस्त, वीरगळ यांवर बरंच वाचन होतं. यंत्रावर फारसं होत नाही. बेळगावसारख्या गावात याचं थोडं नवल वाटतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलचं दुकान काढलं ते याच गावात, आणि आजही उद्यमबागेत क्रँक घासणारे, बोअर मारणारे हात आहेत. म्हणून गेल्या वर्षी मंडळाकडे आलेल्या एका जीपच्या इंजिनाला पिस्टन कोणते घालायचे, यावर आमच्यात जो वाद झाला तो इथे लिहून ठेवतो. वाद तांत्रिक वाटेल, पण मुळात तो जुनी वस्तू जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं याचा होता.

इंजिन विलिजचं, एल-१३४ जातीचं. चंदगडकडच्या एका कुटुंबाने ते प्रदर्शनासाठी दिलं, अट एकच: चालू करून दाखवायचं. चार सिलिंडर, बोअर सव्वातीन इंचाला एक सूत कमी, म्हणजे ३.१२५ इंच, आणि स्ट्रोक ४.३७५ इंच. घनफळ १३४ घन इंच, त्यावरूनच नाव. ताकद ६० अश्वशक्ती. १९२६ च्या व्हिपेट गाडीपासून चालत आलेलं हे इंजिन पूर्वी ४८ अश्वशक्तीचं होतं. १९३८ मध्ये विलिजमध्ये आलेल्या बार्नी रूस या इंजिनियरने ते ६० पर्यंत नेलं, आणि महायुद्धात विलिज आणि फोर्ड मिळून सुमारे साडेसहा लाख जीप याच इंजिनावर निघाल्या.

याला ‘साइड व्हॉल्व्ह’ म्हणतात. व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर नसून शेजारी, ब्लॉकमध्येच उभे असतात. हेड म्हणजे वर ठेवलेलं चपटं झाकण. अमेरिकेत म्हणून याचं नाव ‘फ्लॅटहेड’. हेडमध्ये ना रॉकर, ना पुशरॉड. घाटात बंद पडलं तर पान्हा आणि फिलर गेज एवढ्यावर निभावतं. मात्र या मांडणीचे दोन परिणाम पिस्टनवर होतात, आणि ते लक्षात न घेता पिस्टन निवडला तर पैसे पाण्यात.

पहिला परिणाम असा. वरती व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनात पिस्टनचं डोकं फुगीर घेतलं की कॉम्प्रेशन वाढतं, म्हणून तिथे पिस्टन निवडणं म्हणजे निम्मं ताकद निवडणं. साइड व्हॉल्व्हमध्ये हे जमत नाही. हवा-पेट्रोलचं मिश्रण बाजूच्या व्हॉल्व्हवरून आडवं येऊन सिलिंडरमध्ये शिरतं. त्या वाटेत फुगीर डोकं आलं तर श्वासच कोंडतो. कॉम्प्रेशन ठरवतो तो हेडचा आकार. एल-१३४ चं कॉम्प्रेशन साडेसहाला एक, आणि ते तसंच राहू द्यावं. आमच्यातल्या एका तरुण सभासदाने ‘पॉवरवाले’ पिस्टन सुचवले होते. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला: बोअर चाळीस थाउने वाढवला तर घनफळ १३४ वरून जेमतेम १३७ ते १३८ घन इंच होतं, वाढ अडीच टक्के. त्यापेक्षा दोन किलो सामान कमी न्या, म्हटलं.

दुसरा परिणाम उष्णतेचा. जळलेला वायू बाहेर जाण्याची वाट ब्लॉकमधूनच, सिलिंडरच्या अंगावरून जाते. त्यामुळे सिलिंडरची एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापते आणि गोल बोअर गरम झाल्यावर तितका गोल राहत नाही. थंड असताना मशीनवर अचूक मारलेलं माप आंबोलीचा घाट चढताना वेगळंच असतं. पिस्टन आणि भिंत यांच्यामध्ये किती फट ठेवायची, हा साइड व्हॉल्व्हमधला खरा प्रश्न.

आणि हा प्रश्न पिस्टन कशाचा आहे यावर अवलंबून. इथे जरा मागे जायला हवं, कारण आपल्या भागाचा धागा इथेच मिळतो. १९०८ साली मुंबई–कोल्हापूर अशी ६२० मैलांची मोटारींची चाचणी झाली, वाटेत घाटांवर घाट. ती जिंकली ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाच्या रोल्स-रॉइसने, आणि पुढे ती गाडी ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. सगळ्यांना तिचं चकचकीत रूप आठवतं. इंजिन मात्र सात लिटरचं, सहा सिलिंडरचं, साइड व्हॉल्व्हचंच होतं, आणि पिस्टन बिडाचे. सिलिंडर बिडाचा, पिस्टनही बिडाचा. दोन्ही सारखेच तापतात, जवळपास सारखेच फुगतात, त्यामुळे फट कमी ठेवली तरी चालतं. तोटा वजनाचा. जड पिस्टन प्रत्येक फेरीला थांबवायचा आणि पुन्हा उलटा फेकायचा, हे काम बेअरिंगच्या माथी येतं, म्हणून ती इंजिनं हळू फिरायची.

अल्युमिनियमचे पिस्टन १९१३ च्या सुमारास डब्ल्यू. ओ. बेंटली यांनी डीएफपी या फ्रेंच गाडीत घातले. पहिल्या महायुद्धात ते विमानांच्या इंजिनांत गेले, आणि युद्ध संपल्यावर रोल्स-रॉइसच्या गाड्यांतही आले. वजन एकदम उतरलं. पण अल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट फुगतं. ३.१२५ इंचांचा बिडाचा बोअर शंभर अंश तापला तर साडेतीन थाउच्या आसपास वाढतो, तेवढाच अल्युमिनियमचा पिस्टन सात थाउच्या आसपास. शिवाय पिस्टन सिलिंडरपेक्षा जास्तच तापतो. फट कमी ठेवली तर गरम होऊन जाम होणार, जास्त ठेवली तर सकाळी थंड इंजिनात पिस्टन भिंतीवर आपटून टकटक करणार. ती टकटक काहींना दुखणं वाटते, काहींना जीपची खूणच वाटते.

विलिजने यावर जो तोडगा वापरला तो मला फार आवडतो. सिलिकॉन घातलेलं, कमी फुगणारं मिश्रण घेतलं. त्याचं नावच लो-एक्स. खालचा घेर पूर्ण गोल न ठेवता किंचित लंबगोल घासला, म्हणजे तापून फुगला की गोल होईल. आणि एका बाजूला इंग्रजी ‘टी’च्या आकाराची चीर दिली. पिस्टन फुगला की ती चीर मिटते आणि घेर भिंतीवर दाबला जात नाही. वरून कथलाचा पातळ मुलामा, सुरुवातीच्या दिवसांत घासलं जाऊ नये म्हणून. फट मोजायची रीतसुद्धा साधी. तीन थाउ जाडीची, पाऊण इंच रुंद पट्टी पिस्टन आणि भिंत यांच्यात ठेवायची आणि स्प्रिंगच्या काट्याने ओढायची. पाच ते दहा पौंडांच्या ओढीला सुटली की फट बरोबर. युद्धाच्या छावणीत, तंबूत, मायक्रोमीटर नसताना हे करता यायचं.

आता आमच्या इंजिनाकडे येतो. चार पिस्टन काढले, धुतले, ओळीने मांडले. एक, दोन आणि तीन नंबरचे पिस्टन ०४०, चीर असलेले, परदेशी खुणेचे. चौथ्यावर एसटीडी, आणि खूण मद्रासच्या इंडिया पिस्टन्सची. एकाच ब्लॉकमध्ये तीन सिलिंडर चाळीस थाउ मोठे आणि चौथा मूळ मापाचा! चौथ्या सिलिंडरच्या काठाशी बारीक गोल रेघ दिसली, तेव्हा उलगडा झाला. त्यात स्लीव्ह बसवलेली होती, म्हणजे आतून बिडाची नळी ठोकून माप पुन्हा मूळ करून घेतलेलं.

या चार डोक्यांवरून क्रम लावता येतो. आधी सगळं इंजिन एकदा ०४० ला गेलं, बाहेरून आलेल्या पिस्टनवर. नंतर कधीतरी चौथा सिलिंडर इतका खरवडला गेला किंवा तडकला की स्लीव्हशिवाय इलाज उरला नाही. इंडिया पिस्टन्स हा कारखाना १९४९ चा, तेव्हा ती दुरुस्ती त्याआधीची असूच शकत नाही. पण चौथ्या पिस्टनला बाकीच्यांसारखं माप का दिलं नाही? माझा तर्क असा की ०४० चा एकच सुटा पिस्टन त्या वेळी हाती लागला नाही, एसटीडी लागला. जे मिळालं त्यावर सिलिंडर बेतला.

त्या काळाची परिस्थिती पाहिली तर हा तर्क ताणलेला वाटणार नाही. स्वातंत्र्यानंतर आयातीला परवाने आले. १९५३ साली सरकारने धोरण ठरवलं की नुसते सुटे भाग जोडून गाड्या विकणाऱ्यांना इथे जागा नाही, इथेच भाग बनवण्याचा कार्यक्रम असेल त्यांनी राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी मुंबईतला गाशा गुंडाळला. फोर्डच्या साइड व्हॉल्व्ह व्ही-८ चे मालक त्यानंतर पिस्टनसाठी जुन्या बाजाराच्या भरवशावर राहिले. जीपवाल्यांचं तितकं अडलं नाही, कारण महिंद्रांनी १९४७ पासून विलिजशी संबंध जोडला होता. पुढे त्यांच्या जीपमध्ये हरिकेन इंजिन आलं. त्यात आत येणारा व्हॉल्व्ह वर गेला, पण बोअर आणि स्ट्रोक तेच राहिले. म्हणून युद्धातल्या जीपच्या मापाचे पिस्टन या देशात कितीतरी वर्षं मिळत राहिले. आज जुन्या जीपला पिस्टन मिळतो आणि त्याच काळातल्या एखाद्या भारी अमेरिकन मोटारीला मिळत नाही, त्याचं कारण हे आहे. कोणतं यंत्र टिकतं हे यंत्राच्या गुणावर ठरतं असं आपण समजतो. बरेचदा ते दिल्लीतल्या एखाद्या फाइलवर ठरतं.

एवढं वाचून झाल्यावर खरा पेच आला. दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये पाणी साचून गंज खोलवर गेला होता. पुढचं माप ०६०, म्हणजे प्रत्येक बाजूने दहाच थाउ कापायचे, आणि खड्डे त्याहून खोल. तिथे स्लीव्ह अटळ. चौथ्यात ती आधीच होती. प्रश्न एक आणि तीनचा.

एक मत असं: चारही सिलिंडरना स्लीव्ह घालून सगळं एसटीडी करा. एकसारखे पिस्टन, पुढे पुन्हा ०२०, ०४० करायला वाव, ब्लॉक नवा झाल्यासारखा. बहुतेक दुकानंही हेच सांगतील. पण पाऊण सुताच्या स्लीव्हसाठी, म्हणजे ३/३२ इंच जाडीच्या, सिलिंडर ३.३१२ इंचांपर्यंत कापावा लागतो. आताच्या ०४० पासून प्रत्येक बाजूला जवळपास चौऱ्याहत्तर थाउ बीड जाणार, तेही निरोगी भिंतीतून. ते बीड युद्धकाळातल्या ओतकामाचं आहे, आणि एकदा कापलं की परत येत नाही. माझं मन त्याला तयार होईना. जुन्या देवळाच्या दोन शिळा ढासळल्या म्हणून आपण चारही भिंती नव्या दगडात बांधत नाही.

दुसरं मत होतं इंजिन चालवायचंच नाही, आहे तसं काचेत ठेवायचं. ज्यांनी दिलं त्यांची अट पाहता ते शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नसतं.

तोडगा काढला तो आमच्या उद्यमबागेतल्या वयस्क मेस्त्रींनी. ते बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, “सर, स्लीव्हला एसटीडीच करायला पाहिजे असं कुणी सांगितलंय? बीडच की ते बी. म्हणशीला तेवढं बोअर मारतो.” एवढंच. एक आणि तीन दहा-दहा थाउ कापून ०६० करायचे. दोनमध्ये नवी स्लीव्ह घालून तिचं आतलं मापही ०६० ठेवायचं. चौथ्यातली जुनी स्लीव्ह पक्की होती, तिलाही आतून ०६० पर्यंत कापायचं. तीही पाऊण सुताची होती, त्यामुळे कापल्यावरही चौसष्ट थाउ भिंत उरते. चारही पिस्टन एका मापाचे, आणि निरोगी बिडातलं जातं ते फक्त दहा थाउ.

यात धोका आहे तो लपवत नाही. ०६० हे बाजारात सहज मिळणारं शेवटचं माप. एक आणि तीनला पुढच्या वेळी स्लीव्हच लागेल. भिंत पातळ झाली की इंजिन तापतंही जास्त. शिवाय ओतताना आतला गाभा थोडा सरकला असेल तर भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ निघते, बाहेरून कळत नाही. म्हणून कापण्याआधी अल्ट्रासॉनिक गेजने एक आणि तीनची भिंत वर, मध्ये, खाली अशी सगळीकडून मोजून घेतली. तीनमध्ये व्हॉल्व्हच्या बाजूला ती थोडी पातळ निघाली, पण दहा थाउ सोसेल इतकी होती. नसती तर मी स्वतःच स्लीव्हच्या बाजूने मत दिलं असतं. हे इंजिन आता भाडं मारणार नाही, वर्षातून चार-सहा वेळा सुरू होईल. त्याला जी झीज होणार ती बसून गंजण्याचीच जास्त.

आता ०६० मध्ये पिस्टन कोणता? चीर असलेला जुना, न वापरलेला संच एका दुकानाच्या माळ्यावर मिळत होता, मूळ डब्यासह. मोह होता. पण चिरेच्या टोकापाशी अल्युमिनियमला बारीक तडे जायची खोड असते, आणि माळ्यावर पडून ती सुधारत नाही. रंगद्रव्य लावून तपासल्यावर एकात तडा दिसलाच. तो संच मंडळाने घेतला, दाखवण्यासाठी. इंजिनात घातले ते नव्याने ओतलेले, अखंड घेराचे. ठोकून घडवलेले, ज्यांना फोर्ज्ड म्हणतात, ते नाही घेतले. ते मजबूत असतात पण साधारणपणे जास्त फुगतात, त्यांना फट जास्त लागते, आणि साठ अश्वशक्तीला ती मजबुती कशाला हवी?

नवे पिस्टन घेताना तीन गोष्टी आम्ही जुन्याशी ताडून पाहिल्या. पिनच्या मध्यापासून डोक्यापर्यंतची उंची: ती बदलली तर कॉम्प्रेशन बदलतं, किंवा पिस्टन हेडला लागतो. दुसरी, गजन पिन. एल-१३४ मध्ये कनेक्टिंग रॉडचं वरचं टोक स्क्रूने पिनेला आवळलेलं असतं, म्हणून पिनेच्या मधोमध त्या स्क्रूसाठी खाच लागते. आजच्या पुष्कळ पिना गुळगुळीत येतात, त्या इथे चालत नाहीत. तिसरं वजन. जुन्या चारांत चौथा पिस्टन वेगळ्या घराण्यातला होता, तराजूवर ते लगेच कळलं. नव्या चारांचा फरक आतून थोडं घासून दोन ग्रॅमच्या आत आणला.

आणि फट. इथे एका सभासदाने जीपचं जुनं पुस्तक उघडून तीन थाउच्या पट्टीचा आग्रह धरला. आग्रह चुकीच्या जागी होता. ती ओढ चीर असलेल्या, दबणाऱ्या पिस्टनसाठी सांगितलेली आहे. अखंड घेराला तीच फट दिली तर घाटात जाम. फट ही इंजिनाची नसते, पिस्टनची असते. ज्याने पिस्टन ओतला त्याने कागदावर जी फट लिहून दिली तीच धरायची. म्हणूनच आमच्या मेस्त्रींनी चारही पिस्टन हातात येईपर्यंत ब्लॉक मशीनवर चढवला नाही. आधी पिस्टन मोजला, प्रत्येक वेगळा, मग त्याच्या त्याच्या सिलिंडरचं माप काढलं, आणि पिस्टनवर खडूने सिलिंडरचा नंबर घातला.

बोअर मारून, होनिंग करून इंजिन जोडलं. सकाळी पहिल्या मिनिटाला थोडी टकटक येते, पाणी कोमट झालं की थांबते.

जुने चार पिस्टन मंडळाच्या कपाटात आहेत. काजळी आम्ही डोक्यावरूनच काढली, बाजूची तशीच ठेवली, कारण रिंगांच्या खाचांतल्या थरावरून तेल किती वर जात होतं ते पुढे कुणाला पाहता येईल. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली आहे: सिलिंडर नंबर, माप, खूण, वजन. ब्लॉकची भिंत कुठे किती निघाली त्याचा तक्ता एका प्रतीत कपाटात आणि दुसऱ्या प्रतीत, प्लॅस्टिकमध्ये घालून, जीपच्या हत्यारांच्या पेटीत ठेवला आहे. ज्यांच्याकडे अजून अशी इंजिनं गोठ्यात, विहिरीवर किंवा गॅरेजच्या मागे पडून असतील त्यांनी ती उघडताना पिस्टनच्या डोक्याचा एक फोटो मंडळाला पाठवावा, आकडा नीट दिसेल असा.